सतरा नंबर आणि मोकळी पिन

मी आमच्या रोबोंना सरळ रेषेत चालायला शिकवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आधी टेबल कसं आहे ते सांगते. दोन मीटर बाय दीड मीटर, वर पांढरा पत्रा, कडेने वीतभर उंचीच्या भिंती. छताला एक कॅमेरा. टेबलाच्या दोन टोकांना दोन दिवे, एक प्रखर, एक मिणमिणता. आणि पत्र्यावर 24 रोबो, प्रत्येक साधारण मुठीएवढा. दोन चाकं, मागे टेकायला एक गोळी, चारी बाजूंना इन्फ्रारेड सेन्सर, डोक्यावर उजेड मोजणारा एक सेन्सर आणि त्याच्या शेजारी नंबराचं स्टिकर. स्टिकर आमच्या सोयीसाठी. रोबोला स्वतःचा नंबर माहीत नसतो. चोवीसही जणांच्या पोटात अक्षरशः तोच प्रोग्राम असतो, आणि गंमत त्यातच आहे.

प्रोग्राम चार वाक्यांत सांगता येतो. चालत राहा. भिंत लागली तर वळा. दुसरा रोबो भेटला तर थांबा आणि डोक्यावरचा उजेड मोजा. उजेड जास्त असेल तर बराच वेळ थांबा, कमी असेल तर लगेच वळून चालू लागा. बस्स. कुठल्या दिव्याखाली जमायचं हे यात कुठेही लिहिलेलं नाही. तरीही थोड्या वेळाने बहुतेक मंडळी प्रखर दिव्याखाली गर्दी करून उभी असतात.

हा नियम आमच्या डोक्यातून आलेला नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात थोमास श्मिकल यांच्या गटाने तो मधमाश्यांकडून उचलला, नाव ठेवलं बीक्लस्ट. पोळ्यातल्या नव्याने जन्मलेल्या माश्यांना 36 अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब हवी असते. अशी एकटी माशी सोडली तर तिला ती उबदार जागा बरेचदा सापडत नाही. घोळका सोडला की सापडते. म्हणजे कुणी म्होरक्या असतो आणि तो हाकारे घालतो असं नाही. एकमेकींवर आदळल्या की त्या थांबतात, आणि ऊब असेल तिथे जास्त वेळ थांबतात. जी थांबलीय तिच्यावर दुसरी येऊन आदळते, तिच्यावर तिसरी. असा पुंजका वाढत जातो, आणि उबेत तो टिकतो, गारठ्यात विरघळतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तासभर नुसती कागदावर ठिपके काढत बसले होते.

तर आमची पहिली खेप. मोटारी स्वस्तातल्या, दोन मोटारी सारख्या वेगाने फिरतील तर शपथ. कुणी उजवीकडे झुकायचा, कुणी डावीकडे. वळणंही अंदाजपंचे: अमुक मिलिसेकंद एक चाक उलटं फिरव, जितका वळेल तितका वळेल. सगळ्यांत वाईट सतरा नंबर. त्याच्या डाव्या चाकाला चीर गेली होती, मी ती चिकटवली, चाक जरा वाकडं बसलं, आणि तेव्हापासून तो कमान काढत चालतो. लंगडतो म्हणा ना. पण प्रयोग चालायचा. पंधरा-वीस मिनिटांत प्रखर दिव्याखाली गर्दी.

मला मात्र लाज वाटायची. मी इलेक्ट्रॉनिक्सची, त्यात कंट्रोलवाली. आमच्या शाखेत नॉईज, म्हणजे मोजमापात घुसणारी नको ती खरखर, हा शत्रू. शिकतानाची पहिली दोन वर्षं आणि नोकरीची पहिली पाच मी तेवढंच केलं: चिपजवळ कपॅसिटर लाव, केबलला जाळी गुंडाळ, दहा वेळा मोजून सरासरी घे. पाहुण्यांना प्रयोग दाखवताना सतरा नंबर भेलकांडत निघाला की माझी नजर आपोआप छताकडे जायची.

म्हणून मी तीन आठवडे घातले. चाकांना फेऱ्या मोजणारे एन्कोडर बसवले, वळण मोजणारा जायरो बसवला, प्रत्येक रोबोचं पीआयडी, म्हणजे चूक मोजून मोटारीचा वेग सावरणारं गणित, वेगळं जुळवलं. शेवटी असं झालं की रोबोशेजारी पट्टी ठेवावी आणि त्याने तिला समांतर टेबल पार करावं. वळण सांगितलं 90 अंश की 90च. चाक बदलायला वेळ नव्हता म्हणून सतरा तेवढा राहिला, पण जायरोमुळे तोही बराच माणसात आला.

संध्याकाळी मोठ्या थाटात प्रयोग लावला. वीस मिनिटं. चाळीस मिनिटं. दिव्याखाली कुणी नाही.

कोणी बंद पडलं नव्हतं. सगळे इमानेइतबारे चालत होते. कॅमेऱ्याच्या चित्रफितीवरून मी प्रत्येकाची वाट एकावर एक काढली आणि पडद्यावर चौकटींची वही उमटली. प्रत्येक रोबो भिंतीवर जाऊन बरोब्बर काटकोनात वळत होता, पुढच्या भिंतीवर पुन्हा काटकोनात, आणि चार-पाच वळणांनंतर पुन्हा आपल्याच जुन्या वाटेवर. बैल घाण्याला जुंपावा तसा. प्रत्येकाचा घाणा वेगळा. दोन वाटा एकमेकींना छेदत होत्या, पण छेदाच्या जागी दोघं एकाच वेळी पोचले तरच भेट, आणि एकदा चुकामूक झाली की पुढच्या फेरीतही तशीच चुकामूक, कारण वेगही मी सगळ्यांचे सारखे करून ठेवले होते. भेट नाही म्हणून थांबणं नाही. थांबणं नाही म्हणून पुंजका नाही. एकच रोबो अधूनमधून इतरांना धडकत होता आणि त्यामुळे दोन-तीन जण क्षणभर थांबत होते. कोण ते सांगायला नको.

आमच्या गटातला फिजिक्सवाला मागे येऊन उभा राहिला, पडद्याकडे बघून हसायलाच लागला. ‘अगं, हे तर बिलियर्ड झालं. तू त्यांना इतकं शहाणं केलंस की त्यांच्या भेटीगाठीच बंद झाल्या.’

मी म्हटलं, नॉईज काढला तर एवढं काय बिघडतं?

‘काढला म्हणजे? तो तर तुझा मुख्य नॉब आहे. शून्यावर नेऊन ठेवलास.’

त्याच्या जगात हे वाक्य अगदी सरळ आहे. 1995 मध्ये हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तामाश व्हिचेक आणि सहकाऱ्यांनी कळपाचं एक मॉडेल मांडलं, इतकं साधं की कॉलेजातलं पोर एका दुपारी लिहून काढेल. प्रत्येक कण ठरावीक वेगाने चालतो. प्रत्येक पावलाला आजूबाजूच्या ठरावीक अंतरातल्या कणांच्या दिशेची सरासरी घेतो आणि त्यात थोडा यादृच्छिक कोन मिसळतो. तो मिसळायचा कोन किती मोठा, एवढा एकच नॉब फिरवायचा. कमी असला की सगळे एका दिशेने चालू लागतात. वाढवत नेला की एका टप्प्याला सगळी शिस्त मोडते आणि जो तो आपल्या वाटेने. पाणी उकळून वाफ व्हावी तसा बदल, फक्त इथे तापमानाच्या जागी नॉईज. फिजिक्सवाल्यांना म्हणूनच हा विषय आपला वाटतो. त्यांच्या लेखी नॉईज ही घाण नाही, ते तापमान आहे. कुणी तापमानावर रागावतं का?

पण त्याच्या मॉडेलात नॉईज वाढला की शिस्त मोडते, आणि माझ्या टेबलावर नॉईज गेला म्हणून सगळं मोडलं होतं. हे मी बोलून दाखवलं. तो डोकं खाजवत बसला. तेव्हा कोपऱ्यात नोंदवही लिहीत बसलेल्या मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही दोघं ज्याला नॉईज म्हणताय ना, त्याला आम्ही मुंगी म्हणतो.’

मॅडम जीवशास्त्राच्या. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी मुंग्यांमागे घालवली आहेत. बोलतात कमी, पण बोलल्या की आमची एक दुपार जाते. त्या दिवशी त्यांनी 1983 चा एक शोधनिबंध काढला. बेल्जियमचे झां-लुई दनबूर आणि सहकारी यांचा. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे: मुंग्यांच्या चुका ही त्यांची युक्ती तर नव्हे? मुंगीला अन्न सापडलं की ती वास सोडत घरी येते, बाकीच्या त्या वासावरून निघतात. पण सगळ्या पोचत नाहीत. बऱ्याच जणी वाटेतच वास हरवून भरकटतात. अभियंता म्हणेल, निकृष्ट सेन्सर, बदला. पण भरकटलेलीला नवीन अन्न सापडू शकतं, पहिल्यापेक्षा मोठंही. अन्न एकाच ठिकाणी ढिगाने असेल तर चुका कमी असलेल्या बऱ्या, विखुरलेलं असेल तर चुका जास्त असलेल्या बऱ्या. म्हणजे चूक किती करावी हेही परिस्थितीवर ठरतं.

‘आणि सगळ्या मुंग्या सारख्याच चुकतात असं कुठं आहे?’ मॅडम म्हणाल्या. ‘एखादी जन्मजात उनाड असते. तुमचा तो सतरा.’

इथे मला जरा तक्रार करायची आहे. अर्जांवर ‘आंतरशाखीय’ हा शब्द लिहिला की सगळ्यांना बरं वाटतं. प्रत्यक्षात आंतरशाखीय काम म्हणजे आपण तिघं गेले आठ महिने एकच शब्द तीन अर्थांनी वापरत होतो हे एका संध्याकाळी लक्षात येणं. मी नॉईज म्हणायचे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ऑसिलोस्कोपवरची, म्हणजे विजेचे चढउतार दाखवणाऱ्या पडद्यावरची, केसाळ रेघ असायची. तो म्हणायचा तेव्हा समीकरणातलं एक पद. मॅडम म्हणायच्या तेव्हा प्रत्येक प्राण्याचा वेगळा स्वभाव. आम्ही लिहीत असलेल्या लेखात एक परिच्छेद होता, ‘प्रणालीतील नॉईज’. त्या सहा ओळींवर आमचे दोन आठवडे गेले. त्याने ग्रीक अक्षर टाकायचं, मी ते खोडून मोजलेली चूक लिहायची, मॅडमनी समासात ‘कोणाची?’ असं विचारायचं. शेवटी तिथे तीन वेगळे शब्द आले आणि परिच्छेद दोन पानांचा झाला. मला तो आता त्या लेखातला सगळ्यांत चांगला भाग वाटतो, पण ते तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर मी भांडले असते.

माझं खरं मतपरिवर्तन माशांनी केलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वेश गुत्तल यांच्या गटाचं एक काम आहे, 2020 मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आलेलं. त्यांनी एट्रोप्लस सुरातेन्सिस जातीच्या माशांचे लहानमोठे थवे टाकीत सोडून त्यांच्या हालचाली टिपल्या. आपल्याला वाटेल, प्रत्येक मासा आजूबाजूच्यांची सरासरी दिशा काढून तिकडे वळत असणार. आकडेवारीशी जुळलं ते याहून साधं काहीतरी: मासा एका वेळी कुठल्यातरी एकाच माशाची नक्कल करतो, कधी याची, कधी त्याची. मग सगळे एका दिशेने कसे वळतात? तर थवा लहान असतो म्हणून. दहा वेळा नाणं उडवलं तर सात-आठ वेळा छापा सहज येतो. हजार वेळा उडवलं तर पारडं जवळपास समतोल राहतं. तसंच, मोजक्या माशांत दोघं-तिघं योगायोगाने एका बाजूला वळले की नक्कल होत होत सगळा थवा तिकडे कलतो. मोठ्या थव्यात हे योगायोग एकमेकांना खोडून टाकतात, म्हणून उलट लहान थवा जास्त शिस्तीत दिसतो. शिस्त आणि योगायोग यांचं वैर मी जन्मभर गृहीत धरलं होतं. इथे योगायोगातूनच शिस्त येत होती.

दुसऱ्या दिवशी मी वळणाच्या ओळीत बदल केला. 90 अंशांच्या जागी 90 अधिक-उणे काहीतरी.

हे ‘काहीतरी’ किती, यावर फारसं लिहिण्यासारखं नाही. शून्याला चौकटींची वही. अगदी जास्त केलं तर रोबो पुन्हा पुन्हा त्याच भिंतीत शिरतात आणि तिथेच गिरक्या घेत बसतात. मधला पट्टा मात्र चांगला रुंद निघाला, आणि सतरा नंबरची मूळ कमान त्या पट्ट्याच्या बरोबर आत बसते हे मॅडमनी मला दोनदा दाखवलं.

बदल केल्यावर पहिलाच प्रयोग. रोबो सुरुवातीला सहा-सहाच्या चार ओळींत ठेवलेले, सगळ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे. बटण दाबलं. पहिली ओळ भिंतीपाशी पोचली आणि सहाच्या सहा जण एकदम, एकाच बाजूला, एकाच कोनात वळले. मागून दुसरी ओळ आली, तीही तेवढीच वळली. कवायतीला कुणीतरी ‘दाहिने मूड’ म्हणावं तशी. ओळींच्या शेवटी दोघं-तिघं एकमेकांत अडकेपर्यंत हे संचलन चाललं.

कारण अगदी विद्यार्थ्याने करावी अशी चूक. संगणकाचा रँडम आकडा रँडम नसतो. एका आकड्यापासून सुरू करून गणिताने पुढचे काढत जायचे. सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच दिला तर पुढची सगळी माळही तीच. मी सीड दिलाच नव्हता, म्हणून प्रत्येकाने ठरलेल्या त्याच आकड्यापासून सुरुवात केली. प्रोग्राम एकच, सीड एकच, म्हणून चोवीस जणांचा योगायोगही एकच.

फिजिक्सवाला म्हणाला, प्रत्येकाला नंबर दे आणि तोच सीड कर, एका ओळीचं काम आहे. खरंच एका ओळीचं काम होतं. पण मी अडून बसले. स्वतःची ओळख नसलेले, अगदी एकसारखे रोबो ही आमची प्रतिज्ञा होती. प्रोग्रामही आम्ही सगळ्यांना एकदमच पाठवतो, वरून, बिनतारी. ही कल्पना हार्वर्डच्या किलोबोटवाल्यांची. मायकेल रुबेनस्टाइन, राधिका नागपाल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 1024 रोबोंकडून चांदणीसारखे आकार करून घेतले, त्याला बारा तासांच्या आसपास लागले. प्रत्येक रोबो जेमतेम 33 मिलिमीटर रुंद, चाकं नाहीत, थरथरणाऱ्या मोटारींवर सरकणारा. हजारांना एकेक करून वायर जोडायची म्हटलं तर प्रयोग कधी करणार? म्हणून वरून इन्फ्रारेडने सगळ्यांना एकदम सूचना. आणि तेही सरळ चालत नाहीत बरं का. एखादा रेंगाळला की मागे वाहतूक तुंबायची, आणि अशा चुका होणारच असं धरूनच त्यांनी नियम लिहिले. हे मी आधीही वाचलं होतं, पण तेव्हा त्यांच्या मोटारींची कीव करत वाचलं होतं.

तर सीड हवा, पण तो रोबोला आपला आपण मिळायला हवा. याचा जुना उपाय आहे: मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे रोबोतल्या छोट्या संगणक-चिपची, एक ॲनालॉग पिन (व्होल्टेज आकड्यात वाचणारी) मोकळी सोडायची, कशालाच जोडायची नाही. मोकळी पिन ही छोटीशी अँटेना असते. घरातल्या विजेच्या तारांची गुणगुण, मोटारीची खरखर, शेजारून गेलेला हात, सगळं ती पकडते. ती वाचली की 0 ते 1023 मधला काहीतरी आकडा येतो, पुन्हा वाचली की जरासा वेगळा. एकाच वाचनावर विसंबायचं नाही. बत्तीस वेळा वाचायचं आणि दर वेळी फक्त शेवटचा, सर्वांत लुडबुड्या बिट घ्यायचा, म्हणजे आकडा सम की विषम हे सांगणारा 0 किंवा 1. ते बत्तीस बिट म्हणजे तुमचा सीड.

मी पडद्यावर ते आकडे बघत होते. 511, 498, 503, 517. पिनेजवळ बोट नेलं की उडी मारायचे. ही तीच केसाळ रेघ, जी घालवण्यासाठी मी पगार घेत आले, आणि आता तिचे बिट मी एकेक करून वेचत होते.

चाललं. वीस मिनिटांच्या आत प्रखर दिव्याखाली गर्दी, आणि गर्दीच्या कडेला सतरा, अर्धा आत अर्धा बाहेर.

हे सगळं सहा महिन्यांपूर्वीचं. आता गेल्या आठवड्याची गोष्ट. रोबोंच्या सर्किटचे जुने बोर्ड आम्ही हाताने जोडलेले, तारा लोंबणारे, म्हणून मी नवे डिझाइन केले आणि 24 छापायला दिले. एक मोडका आला, म्हणून 23 बसवले. सतराची पाळी शेवटची होती, तो जुन्याच बोर्डावर राहिला. सोमवारी सकाळी चार ओळी लावल्या, बटण दाबलं.

पहिली ओळ भिंतीपाशी गेली आणि एकदम वळली. दुसरी आली, तीही तेवढीच. तिसऱ्या ओळीतले पाच जण तेवढेच वळले आणि सहावा आपली कमान काढत भलतीकडेच निघून गेला.

मी बोर्डाचं चित्र उघडलं. वापरात नसलेली पिन मोकळी ठेवू नये, ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडावी, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. चित्र काढताना हाताने आपोआप तेच केलं होतं. पिन ग्राउंडला, वाचन कायम शून्य, बत्तीसच्या बत्तीस बिट शून्य, तेवीस जणांचा सीड शून्य.

फिजिक्सवाला पुन्हा म्हणाला, नंबर दे ना. मॅडम नुसत्या सतराकडे बघत राहिल्या.

मी ब्लेड आणि भिंग घेऊन बसलेय. पिनेपासून ग्राउंडकडे जाणारी तांब्याची रेघ केसाएवढी आहे. ती कापायची, पण शेजारची नाही कापायची. एका बोर्डाला दहा-बारा मिनिटं लागतात. एकोणीस झालेत. दोन बोर्डांवर शेजारचीही कापली गेली, ते आता बाजूला ठेवलेत.